मॉन्टे कार्लो की रेण्वीय गतिकी? अणु-रेणूंच्या पातळीवरील प्रतिमानासाठी पद्धत निवडताना

द्रव, स्फटिक, चुंबकीय पदार्थ किंवा सच्छिद्र घन यांपैकी कशाचेही प्रतिमान अणु-रेणूंच्या पातळीवर उभे करायचे ठरले की पहिला निर्णय पद्धतीचा असतो. एकीकडे मॉन्टे कार्लो पद्धत आहे आणि दुसरीकडे मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजेच रेण्वीय गतिकी. दोन्हींसाठी तयार सॉफ्टवेअर उपलब्ध आहे आणि समतोल स्थितीतील राशींची उत्तरे दोन्हींनी सारखीच यायला हवीत. त्यामुळे प्रकल्प सुरू करणारे अनेक विद्यार्थी आपल्या गटात जे सॉफ्टवेअर आधीपासून वापरात आहे तेच उचलतात. हा निकष अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याला ज्याचे उत्तर हवे आहे त्यात काळ येतो का, हे आधी ठरवावे. बाकीचे सारे मुद्दे त्यानंतरचे आहेत.

मॉन्टे कार्लोची मूळ रीत 1953 साली निकोलस मेट्रोपोलिस, एरियाना आणि मार्शल रोझेनब्लुथ, तसेच ऑगस्टा आणि एडवर्ड टेलर यांनी मांडली. लॉस अलामॉस येथील मॅनिॲक संगणकावर त्यांनी ती एकमेकींना न भेदणाऱ्या 224 कठीण तबकड्यांच्या द्विमितीय प्रणालीसाठी वापरली. आज वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण रूपात एक कण निवडून त्याला यादृच्छिक दिशेने थोडे सरकवले जाते आणि ऊर्जेत किती फरक पडला ते काढले जाते. ऊर्जा कमी झाली तर नवी जागा मान्य होते. वाढली तर बोल्ट्झमन घटकाइतक्या, म्हणजे तापमानाच्या तुलनेत वाढ जितकी मोठी तितक्या कमी, संभाव्यतेनेच मान्य होते, नाहीतर कण मूळ जागी परततो. उदाहरणार्थ, 94.4 केल्विन तापमानाच्या द्रव आर्गॉनमध्ये, ऊर्जा केल्विनच्या एककात मांडली आणि एखाद्या हालचालीने ती 60 ने वाढत असली, तर ती हालचाल सुमारे 53 टक्के वेळा स्वीकारली जाते. 600 ने वाढत असली तर हजारात दोनदासुद्धा नाही. हालचाल नाकारली गेली की जुनीच रचना सरासरीत पुन्हा एकदा धरावी लागते. नवशिक्याच्या प्रोग्रॅममध्ये नेमके हेच राहून जाते आणि मग सगळ्या सरासऱ्या गुपचूप ढळतात.

रेण्वीय गतिकीत यादृच्छिकतेला मूलतः जागा नाही. प्रत्येक पायरीला सर्व कणांवरील बले काढायची, त्यांवरून त्वरण मिळवायचे आणि न्यूटनच्या समीकरणांनुसार स्थान व वेग थोड्याशा काळाने पुढे न्यायचे. अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये लेनार्ड-जोन्स विभव (दोन अणूंमधील ऊर्जा अंतरानुसार कशी बदलते हे सांगणारे सूत्र) वापरून 864 आर्गॉन अणूंचा द्रव अशा प्रकारे 94.4 केल्विनला चालवून पाहिला. त्यातून त्यांना द्रवाची रचना तर मिळालीच, पण अणू द्रवात कोणत्या गतीने पसरत जातात, म्हणजे त्यांचे विसरण, हेही मिळाले. यातील दुसरी गोष्ट मेट्रोपोलिसच्या रीतीतून मिळत नाही, कारण तिथल्या पायऱ्यांच्या क्रमाला भौतिक काळाचा अर्थच नसतो.

हा फरक किती खोल आहे, हे कठीण गोलांच्या प्रतिमानावरून कळते. केवळ परस्परांना न भेदणारे गोल पुरेशा घनतेला स्फटिकासारखी रचना घेतात, हे 1957 मध्ये बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी गतिकीने दाखवले, आणि त्याच वर्षी वुड व जेकबसन यांच्या मॉन्टे कार्लो गणनेने त्याला दुजोरा दिला. प्रश्न समतोलाचा होता, म्हणून दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोचले. पुढे 1970 मध्ये आल्डर आणि वेनराइट यांनी कणाला आपल्या आधीच्या वेगाची आठवण किती काळ राहते, हे तपासले. ही आठवण घातांकी वेगाने विरत जाईल अशी तत्कालीन अपेक्षा होती; प्रत्यक्षात त्रिमितीत ती काळाच्या उणे दीड घातानुसार, फार सावकाश, कमी होत होती. पुढे सरकणारा कण भोवतालच्या द्रवात भोवरा निर्माण करतो आणि तो भोवरा कणाला मागून ढकलत राहतो, हे त्याचे कारण. सिद्धान्ताला नवी दिशा देणारा हा निष्कर्ष मॉन्टे कार्लोने कितीही काळ गणना केली असती तरी हाती आला नसता. विसरण, स्निग्धता, उष्णतेचे वहन, वर्णपट किंवा एखाद्या बदलाला लागणारा वेळ हे आपले विषय असतील, तर निर्णय इथेच झाला. कायनेटिक मॉन्टे कार्लो हा अपवाद आहे. तो काळ मोजतो, परंतु प्रत्येक घटनेचा दर आपण बाहेरून पुरवावा लागतो.

काळ नको असेल, तर मात्र गतिकीची मर्यादा बोचू लागते. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचे एक कंपन सुमारे 10 फेम्टोसेकंदांत पूर्ण होते (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग). म्हणून कालपायरी 1 फेम्टोसेकंदाच्या आसपास ठेवावी लागते आणि बंधांची लांबी स्थिर धरली तर ती 2 पर्यंत नेता येते. 2 फेम्टोसेकंदांच्या पायरीने एक मायक्रोसेकंद गाठायला 50 कोटी पायऱ्या लागतात. ऊर्जेचा उंच अडथळा ओलांडायला निसर्गालाच मिलिसेकंद लागत असतील, तर साधी गतिकी त्या अडथळ्याच्या एकाच बाजूला अडकून पडते, आणि आकडे स्थिर दिसत असल्याने आपल्याला समतोल साधल्याचा भास होतो.

मॉन्टे कार्लोला निसर्गाच्या मार्गाने जाण्याचे बंधन नाही, आणि तिची खरी ताकद मला इथे दिसते. समतोलाची अट पाळली की कोणतीही कृत्रिम हालचाल चालते. दोन वेगळ्या आकारांचे कण एकमेकांच्या जागी टाकता येतात. अतिशीत द्रवांच्या (गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिलेल्या) काही प्रतिमानांत या अदलाबदलीमुळे 2017 च्या सुमारास अशा तापमानांना समतोल साधता आला, जिथे गतिकीची डाळ शिजत नव्हती. झिओलाइटसारख्या सच्छिद्र पदार्थात किती वायू शोषला जाईल हे काढताना रेणू थेट आत टाकता किंवा बाहेर काढता येतात. अथानासिओस पानाजिओटोपुलोस यांनी 1987 मध्ये मांडलेल्या गिब्ज समूहाच्या पद्धतीत द्रव आणि बाष्प यांच्या दोन स्वतंत्र पेट्या ठेवून त्यांच्यात रेणूंची देवघेव करता येते, त्यामुळे दोन अवस्थांमधील पृष्ठभागाचे प्रतिमानच लागत नाही. उलट दाट द्रवात नवा रेणू टाकण्याचे बहुतेक प्रयत्न टक्कर होऊन फेटाळले जातात, आणि पाण्यातील प्रथिनासारखा मोठा, गुंतलेला रेणू यादृच्छिक हालचालींनी नीट हलतच नाही. अशा ठिकाणी, प्रश्न समतोलाचा असूनही, गतिकी सरस ठरते.

जालकावरील चुंबकीय प्रतिमानांत मात्र स्पर्धाच नाही. आयझिंग प्रतिमानात जालकाच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली अशी एक चुंबकीय दिशा असते; या दिशांना स्वतःची न्यूटनीय गती नसते, त्यामुळे मॉन्टे कार्लो हाच सरळ मार्ग. तिथेही हालचालीची निवड निर्णायक ठरते. अवस्थांतराच्या बिंदूवर एकेक दिशा उलटवणाऱ्या रीतीत स्वतंत्र नमुना मिळायला लागणाऱ्या फेऱ्या द्विमितीय जालकाच्या बाजूच्या सुमारे 2.17 घाताने वाढतात. म्हणजे बाजू दुप्पट केली की साडेचारपट फेऱ्या लागतात. उली वोल्फ यांनी 1989 मध्ये मांडलेली सारख्या दिशांचा जोडलेला पुंजका एकदम उलटवण्याची रीत हा भार बहुतांशी उतरवते.

चुका लपण्याच्या जागाही दोन्हीकडे वेगळ्या आहेत. फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी 1992 मध्ये दाखवून दिले की उत्तम समजला जाणारा यादृच्छिक संख्यांचा एक जनक वोल्फच्या रीतीबरोबर वापरला असता आयझिंग प्रतिमानाची ऊर्जा चुकीची येते, आणि त्याहून साधा जनक उलट बरे उत्तर देतो. द्विमितीय आयझिंग प्रतिमानाचे अचूक गणिती उत्तर हाताशी होते म्हणूनच ही चूक ओळखता आली. गतिकीत असाच धोका तापमान-नियंत्रकाचा, म्हणजे गणनेत तापमान ठरावीक ठेवणाऱ्या रीतीचा असतो. 1984 मध्ये मांडलेला बेरेंडसेन नियंत्रक सरासरी तापमान नीट राखतो, परंतु गतिज ऊर्जेतील स्वाभाविक चढउतार दडपतो. त्या चढउतारांवरून विशिष्ट उष्मा काढला तर तो चुकणारच. नोझे-हूवर नियंत्रक यासाठी योग्य आहे. विसरण मोजायचे असेल तर समतोल साधल्यावर नियंत्रक काढून स्थिर ऊर्जेवर गणना करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

विभवाची उणीव या दोन्हींपैकी कोणतीच पद्धत भरून काढत नाही. जैवरेणूंच्या कामात सर्रास वापरले जाणारे पाण्याचे टिप-थ्री-पी प्रतिमान सुमारे 146 केल्विनलाच वितळते, तर टिप-फोर-पी-2005 सुमारे 250 केल्विनला. खऱ्या बर्फाचा वितळणबिंदू 273 केल्विन आहे. बर्फाचा अभ्यास करायचा असेल तर पद्धतीवर वाद घालण्याआधी विभव बदलावा.

संगणकाचा विचार थोडक्यात आटोपतो. गतिकीत सर्व बले एकाच वेळी काढली जातात, त्यामुळे ग्राफिक्स प्रोसेसरचा पुरेपूर फायदा मिळतो, आणि लॅम्प्स व ग्रोमॅक्स ही विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी चांगली घडवलेली आहेत. एकेक कण हलवणारी मॉन्टे कार्लो स्वभावतः क्रमवार चालते. पण अशा अनेक स्वतंत्र गणना समांतर चालवता येतात आणि शोषणाच्या कामासाठी रास्पासारखे तयार सॉफ्टवेअर आहे. हातात केवळ एक सामान्य संगणक असेल आणि प्रोग्रॅम स्वतः लिहून शिकायचे असेल, तर मी मॉन्टे कार्लोने सुरुवात करण्याचा आग्रह धरीन, कारण तिथे बलांची सूत्रे लागत नाहीत, ऊर्जा पुरते.

जी पद्धत निवडाल तिची पहिली गणना नव्या प्रश्नावर करू नये. मॉन्टे कार्लोसाठी द्विमितीय आयझिंग प्रतिमान घ्यावे: लार्स ऑन्सागर यांच्या 1944 च्या उत्तरानुसार अवस्थांतर, शेजारच्या दिशांमधील अन्योन्यक्रियेच्या एककात, 2.269 या तापमानाला होते, आणि त्या बिंदूवर दर दिशेमागील ऊर्जा, त्याच एककात, उणे 1.414 असते; जालक मोठे करत जाताना आपला आकडा तिकडे सरकला पाहिजे. गतिकीसाठी स्थिर ऊर्जेवरील द्रव आर्गॉन पुरेसा आहे. व्हर्लेची रीत (न्यूटनची समीकरणे पायरीपायरीने सोडवण्याची) वापरून कालपायरी निम्मी केली की एकूण ऊर्जेतील चढउतार चौथाईवर यायला हवेत. तसे झाले नाही, तर बलाचे सूत्र ऊर्जेच्या सूत्राशी जुळते का आणि विभव ज्या अंतरावर तोडला तिथे बल एकदम शून्य होते का, हे तपासावे आणि तोवर मूळ प्रश्नाची गणना सुरू करू नये.