मॅक्स ६६७५ मॉड्यूल: इंजिनावर लावायचं असेल तर सोबतचा प्रोब बाजूला ठेवा

पंप, पॉवर वीडर किंवा छोट्या जनरेटरच्या पेट्रोल इंजिनाचं तापमान आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) बघायचं म्हटलं की मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, दुकानदार एकच पाकीट पुढे करतो: मॅक्स ६६७५ चिपचं मॉड्यूल आणि टोकाला एम६ (६ मिलिमीटर) आट्याचा स्क्रू असलेला के-टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाने तापमान मोजणारा प्रोब. हे परीक्षण त्या पाकिटाचं आहे, आणि ते होंडा जीएक्स१६० (१६३ सीसी, हवेने थंड होणारं) आणि त्याच्यासारख्या इंजिनांपुरतंच.

मॉड्यूलला पाचपैकी चार, प्रोबला दीड.

आधी प्रोबचं, कारण सगळा घोळ तिथे होतो. या इंजिनाच्या हेडचे (सिलिंडरच्या डोक्याचे) बोल्ट एम८. एम६ आटे सापडतात ते पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर. मग लोक प्रोब तिथेच पिळतात आणि पडद्यावर झाकणाचं तापमान बघत बसतात. गंमत म्हणजे तो आकडा दिसायला अगदी शहाणा असतो: हळूहळू चढतो, इंजिन बंद केलं की उतरतो. फक्त फिन्समध्ये (हेड थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) गवत-माती अडकून हेड भाजत असलं तरी पत्रा निवांत असतो, कारण पंख्याची थंड हवा आधी त्यालाच लागते.

या कामाला १४ मिलिमीटर भोकाचा रिंग प्रोब घ्या, स्पार्क प्लगखाली बसणारा. तो वेगळा आणि थोडा महाग मिळतो, पण पैसे इथेच घाला. प्लगचा मूळ वॉशर काढून त्याच्या जागी रिंग बसवायची. दोन्ही एकावर एक ठेवले तर प्लग वर उचलला जातो. कसताना रिंगची शेपटी बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती प्लगबरोबर फिरते आणि वायर क्रिम्पपाशी (रिंगला दाबून बसवलेल्या जोडापाशी) मुरगळते. टॉर्क (कसण्याचा जोर) १८ न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नको. रिंग प्रोब मरतात ते बहुतेक याच क्रिम्पपाशी, थरथरीने. म्हणून वायर चार-पाच सेंटीमीटरवरच क्लिपने बांधा आणि मधे थोडा सैल वळसा ठेवा.

आता मॉड्यूल. मोजमाप ० ते १०२४ अंश, पायरी पाव अंशाची. शून्याखाली वाचत नाही, इंजिनाला ते नकोच आहे. अॅडाफ्रूटच्या लायब्ररीतल्या नमुन्याप्रमाणे मॉड्यूलची एसओ पिन बोर्डाच्या ४ नंबरच्या पिनला, सीएस ५ला, एससीके ६ला जोडली की आर्डुइनो नॅनोवर लगेच चालतं. आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड असेल तर मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या. चिप ३ ते ५.५ व्होल्टवर चालते, पण ५ दिले तर एसओ पिनवरूनही ५ व्होल्ट येतात आणि ईएसपी३२ला ते सोसत नाहीत.

एका वाचनाला चिपला ०.२२ सेकंदापर्यंत वेळ लागतो. त्याआधी पुन्हा विचारलंत तर चालू मोजणी मोडते आणि जुनाच आकडा परत मिळतो. ‘मॉड्यूल अडकलं’ म्हणून परत केले जाणारे कितीतरी नग खरं तर चांगले असतात. कोडच्या लूपमध्ये दोन वाचनांत २५० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं की ते ठीक वागतात.

ध्रुव उलटे जोडले की तापवल्यावर आकडा खाली जातो आणि शून्यावर बसतो. रंगांवर विसंबू नका. अमेरिकी पद्धतीत लाल वायर ऋण असते, पिवळी धन. चिनी प्रोबमध्ये बहुधा लाल धन आणि निळी ऋण. लायटरची ज्योत क्षणभर दाखवा, आकडा वर गेला तर बरोबर. वायर तोकडी पडली तर साध्या तांब्याच्या वायरने वाढवू नका, के-टाइपचीच एक्स्टेन्शन वायर लागते. तांब्याचा जोड इंजिनाजवळ आला तर जोड आणि मॉड्यूल यांच्या तापमानातला जेवढा फरक, तेवढा आकडा कमी दिसतो.

थर्मोकपलमधून अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात आणि शेजारी हजारो व्होल्टची ठिणगी उडत असते. आकडा उड्या मारत असेल तर आधी प्लग बघा. बीपीआर६ईएस मधला ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर असलेला. तो ‘आर’ नसलेला प्लग बसवला असेल तर कोडमध्ये कितीही सरासरी काढा, उपयोग नाही. प्रोबची वायर हाय टेन्शन केबलपासून (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या केबलपासून) दहा सेंटीमीटर तरी लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात. टर्मिनलच्या दोन स्क्रूंमध्ये १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका.

रिंग प्रोब इंजिनाच्या धातूला टेकतो आणि या मॉड्यूलवर थर्मोकपलचं ऋण टोक ग्राउंडलाच जोडलेलं असतं. म्हणजे बोर्डाचं ग्राउंड आपोआप इंजिनाला मिळालं. स्वतंत्र बॅटरी असेल तर काही बिघडत नाही. पण इंजिनाच्याच लायटिंग कॉइलवरून (दिव्यासाठी वीज देणाऱ्या कॉइलवरून) वीज घेतली, तर परतीचा करंट त्या बारीक वायरमधून वाट काढतो आणि आकडे भरकटतात. इथे ‘जास्त चांगली’ म्हणून विकली जाणारी मॅक्स ३१८५५ चिप उलट त्रास देते: प्रोब बोर्डाच्या ग्राउंडला लागला की ती शॉर्टचा दोष दाखवून थांबते. शिवाय ती ३.३ व्होल्टची चिप. रेग्युलेटर नसलेल्या स्वस्त बोर्डाला ५ व्होल्ट दिले की संपली. प्लगखालच्या रिंगला जुनी ६६७५च बरी.

पॉवर बँकवर चालवणार असाल तर आणखी एक खोडी. नॅनो आणि हे मॉड्यूल मिळून इतका कमी करंट घेतात की बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ समजून थोड्या वेळात झोपतात. १८६५० सेल आणि बूस्टर बोर्ड लावा.

इंजिनाचे फेरे मोजायला सोबत ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की पल्स देणारा) पुरतो. त्याला ४.५ व्होल्ट तरी हवेत, आउटपुट ओपन कलेक्टर (फक्त ग्राउंडकडे ओढणारं), म्हणून व्होल्टेज वर ठेवणारा १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (ईएसपी३२ला तो ३.३ व्होल्टवर). चुंबकाचा दक्षिण ध्रुव सेन्सरच्या छापील बाजूकडे, अंतर ३-४ मिलिमीटर. चुंबक पुलीच्या कडेला नको, हबजवळ हवा: १० सेंटीमीटर पुलीची कड मिनिटाला ३६०० फेऱ्यांना सेकंदाला जवळपास १९ मीटर पळते, सुटलेला चुंबक कुठे जाईल सांगता येत नाही. उथळ खड्डा पाडून इपॉक्सीने बसवा, सायलेन्सरपासून दूर, कारण साधा निओडिमियम ८० अंशांपुढे कमजोर होतो. सेकंदातले पल्स मोजून ६०ने गुणलं तर आकडा ६०-६०च्या उड्यांनीच हलतो. दोन पल्समधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजा आणि ८ मिलिसेकंदांपेक्षा लवकर आलेला पल्स सोडून द्या. प्लगच्या केबलवरून मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, या इंजिनात ठिणगी दर फेऱ्याला पडते. चार स्ट्रोक आहे, म्हणजे ठिणगी दोन फेऱ्यांत एकदाच, असं धरून दोनने गुणलंत तर ३६००चे ७२०० होतील.

किती तापमानाला घाबरायचं? भाराखाली प्लगपाशी १७५ ते २०० अंश हे नेहमीचंच. पण कुठून तरी मर्यादा उचलण्यापेक्षा फिन्स स्वच्छ करून, ऑइल बरोबर भरून, पूर्ण भारावर वीस मिनिटं चालवा. जिथे आकडा स्थिरावेल त्याच्यापुढे २५ अंशांवर बझर.

इंजिन आपोआप बंद करायचं असेल तर कॉइलची किल वायर (ठिणगी बंद करणारी वायर) रिलेने ग्राउंड करा. तिथे ट्रान्झिस्टर लावू नका, त्या वायरवर शेकडो व्होल्टचे झटके येतात. आणि कोडमधली एक चूक इथे महागात पडते. प्रोब तुटला की लायब्ररी आकड्याऐवजी ‘नॅन’ (नॉट अ नंबर, म्हणजे आकडाच नाही) देते, आणि ‘तापमान २२५पेक्षा जास्त आहे का’ या प्रश्नाला नॅनचं उत्तर नेहमी ‘नाही’. म्हणजे वायर तुटल्यावर बझर कायमचा गप्प. नॅन आला की वेगळा इशारा वाजलाच पाहिजे.

मॉड्यूलचा डबा हँडलवर रबराच्या तुकड्यावर बसवा, हेडवरून येणाऱ्या गरम हवेच्या झोतात नको. चिप स्वतःचं तापमान धरून हिशेब करते आणि टर्मिनल एका बाजूने तापलं की तो चुकतो. बसवण्याआधी प्रोब उकळत्या पाण्यात बुडवून बघा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळतं, तेव्हा तिथे १०० दिसले नाहीत म्हणून मॉड्यूल परत करू नका. दोन-तीन अंश इकडे-तिकडे चालतात, दहाचा फरक असेल तर मात्र बदलून घ्या.