कुणाच्या तरी आठवणीत : स्मरणकार्डांच्या एका संचाविषयी

गेलेल्या माणसाच्या नावाने एखाद्या अनोळखी व्यक्तीसाठी छोटेसे चांगले काम करायचे आणि तिथे एक कार्ड ठेवून निघून जायचे, या कल्पनेवर बेतलेला स्मरणकार्डांचा एक संच मी गेले काही महिने वापरत आहे. संचात व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराची पन्नास कार्डे, ती ठेवायला एक पातळ पाकीट आणि कोणकोणती कामे करता येतील हे सुचवणारी एक घडीपत्रिका आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला ‘हे छोटेसे काम ______ यांच्या आठवणीत केले आहे’ एवढे एकच वाक्य छापले आहे; मागच्या बाजूला जन्म आणि मृत्यूच्या तारखांसाठी दोन ओळी आणि कोपऱ्यात क्यूआर कोड आहे. पुढची बाजू मला मनापासून आवडली. तक्रार आहे ती मागच्या बाजूविषयी.

मूळ कल्पना या उत्पादकाची नाही आणि तसा दावाही त्याने केलेला नाही. अमेरिकेतील जोॲन काचियातोरे यांनी १९९४ मध्ये आपली मुलगी गमावली. मूल दगावलेल्या कुटुंबांना आधार देण्यासाठी त्यांनी १९९६ मध्ये मिस फाउंडेशन ही संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ‘काइंडनेस प्रोजेक्ट’ सुरू केला. दुःखात असलेल्या कुटुंबाने कुणासाठी तरी निनावीपणे काहीतरी करावे आणि सोबत आपल्या मुलाच्या नावाचे कार्ड ठेवावे, असे त्याचे साधे स्वरूप होते. दरवर्षी २७ जुलै हा दिवस त्यासाठी पाळला जातो. त्या मूळ योजनेतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे करणाऱ्याचे नाव कुठेच नसते. नाव असते ते फक्त गेलेल्याचे.

या रचनेत मला मोठा शहाणपणा दिसतो. माणूस गेल्यावर त्याचे नाव आपण लिहितो ते बहुतेक कार्यालयीन कागदांवर : मृत्यूचा दाखला, बँकेतले खाते बंद करण्याचा अर्ज, विम्याचा दावा. काही दिवसांनी तेही थांबते आणि बोलण्यातूनही नाव हळूहळू गळते, कारण समोरच्याला वाटते की नाव काढले तर आपल्याला त्रास होईल. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात, गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन टप्प्याटप्प्याने सोडवून घेणे हे शोकाचे काम मानले होते, आणि पुढे बराच काळ ‘आता पुढे चला’ हाच सल्ला प्रमाण ठरला. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये त्याला पर्यायी विचार मांडला : नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते, आणि ते बदललेले नाते जपणे हा आजार नव्हे. या कार्डाची रिकामी जागा भरताना हे प्रत्यक्ष जाणवते. खूप दिवसांनी माझ्या हातून माझ्या गेलेल्या ताईचे नाव कसल्याही अर्जाच्या रकान्यात न जाता दुसरीकडे लिहिले गेले.

घडीपत्रिकेतल्या सूचना मात्र कुणालाही लागू पडतील अशा, म्हणजेच कुणालाच नेमक्या लागू न पडणाऱ्या आहेत : वाचनालयाला पुस्तक द्या, बाग स्वच्छ करा, शेजाऱ्याला मदत करा. कामात त्या माणसाची काही खूण असल्याशिवाय कार्डावरचे नाव नुसते शिक्क्यासारखे वाटते. ताईला सार्वजनिक ठिकाणच्या टेबलांवर पेन ठेवायची सवय होती, कारण जिथे अर्ज भरायचे असतात तिथे दोरी बांधलेली असते आणि तिच्या टोकाला पेन नसते, यावर तिचा कायमचा राग होता. म्हणून मी अशाच टेबलांवर चार-पाच पेनांची जुडी ठेवते आणि रबरबँडखाली कार्ड अडकवते. पत्रिका काढणाऱ्यांनी तयार यादीऐवजी ‘त्यांना कशाचा राग यायचा? त्यांच्या खिशात किंवा पर्समध्ये नेहमी काय असायचे?’ असे दोन-तीन प्रश्न छापले असते, तर पुष्कळ जास्त उपयोग झाला असता.

त्या यादीत रक्तदानही आहे. सूचना उत्तम, पण तिथे कार्ड ठेवणार कुठे, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. दान केलेल्या रक्ताचे घटक वेगळे केले जातात; तांबड्या पेशी साधारण सहा आठवड्यांपर्यंत टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच-सात दिवस, आणि ते कुणाला दिले गेले हे दात्याला कळत नाही. अशा वेळी कार्ड लिहून आपल्याच पाकिटात ठेवावे, असे माझे मत आहे. ते कुणी वाचलेच पाहिजे असे नाही.

काम मोठे असावे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना पाच, तर काहींना वीस डॉलर देऊन ते स्वतःवर किंवा दुसऱ्यावर त्याच दिवशी खर्च करायला सांगितले होते. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी आढळले आणि रक्कम पाच की वीस याने फरक पडला नाही. प्रयोगातली माणसे शोकात होती म्हणून निवडलेली नव्हती, त्यामुळे त्यावरून फार ताणू नये. पण लहान कामाने संकोचण्याचे कारण नाही, एवढे त्यातून घेता येते.

आता मागची बाजू. अनोळखी माणसाच्या हाती पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख देणे मला दोन कारणांनी पटत नाही. एक तर ही माहिती गैरवापराला सोयीची आहे, विशेषतः खाती बंद व्हायची असताना. दुसरे असे की दोन तारखांमधले अंतर कमी असेल, तर मदत घेणाऱ्यावर त्या क्षणी एका मुलाच्या मृत्यूचा भार पडतो, आणि आपण तर त्याचा दिवस जरा हलका करायला निघालेलो असतो. पहिले नाव पुरेसे आहे. क्यूआर कोडमधून उघडणाऱ्या पानावर मदत मिळालेल्याने आभाराचा संदेश लिहावा, अशी अपेक्षा आहे. तिथे ‘आतापर्यंतची कामे’ मोजणारा आकडाही दिसतो. निनावी कामाची पोच मागितली की ते निनावी राहत नाही, आणि संदेश आला नाही की आपण विनाकारण खट्टू होतो. मी कोडावर पांढरी पट्टी चिकटवते.

कागद जाड आणि चांगला आहे, पण दोन्ही बाजूंना चकचकीत थर असल्यामुळे बॉलपेन उमटत नाही आणि जेलची शाई अंगठ्याने फरफटते. बारीक टोकाचा कायमस्वरूपी मार्कर वापरावा आणि कार्ड मिनिटभर वाळू द्यावे. पाकीट साधे आहे, टिकाऊ आहे.

हा संच भेट म्हणून देण्याचा विचार असेल तर पहिल्या काही आठवड्यांत देऊ नये; त्या काळात माणसाला जेवणखाण आणि झोप सांभाळणेच पुरेसे जड असते, आणि पन्नास कोरी कार्डे म्हणजे पन्नास राहिलेली कामे वाटू शकतात. वर्षश्राद्ध, वाढदिवस असे दिवस जवळ येऊ लागले की तो उपयोगी पडतो. घरात लहान मुले असतील तर त्यांना नाव लिहायला द्यावे; मुले ते न संकोचता लिहितात. उत्पादकाने दहा कार्डांचा, कोऱ्या पाठीचा आणि लिहिण्याजोग्या खरखरीत कागदाचा छोटा संच काढला, तर मी तो लगेच घेईन. सध्याच्या संचाला पाचपैकी साडेतीन गुण, त्यातले तीन पुढच्या बाजूवरच्या त्या एका वाक्याला.