जेस्टोर की स्कोपस?

पीएचडीचा साहित्य आढावा करताना हा प्रश्न हमखास पडतो. दोन्ही संशोधन-लेख शोधायची ऑनलाइन ठिकाणं, पण कामं मुळात वेगळी: जेस्टोर म्हणजे नियतकालिकांचा डिजिटल संग्रह, स्कोपस म्हणजे लेखांची सूची.

पूर्ण मजकूर हवा तर जेस्टोर. इथे लेखच वाचायला मिळतो, पार पहिल्या अंकापासून. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंकही आहेत. अडचण ताज्या लेखांची: बऱ्याच नियतकालिकांचे शेवटचे तीन ते पाच वर्षांचे अंक ‘मूव्हिंग वॉल’पलीकडे असतात, म्हणजे अजून जेस्टोरवर आलेले नसतात. स्कोपस २००४ मध्ये सुरू झाला. त्यात सारांश, संदर्भसूची आणि कोणी कोणाला उद्धृत केलं याचा माग मिळतो. मजकुरासाठी प्रकाशकाकडेच जावं लागतं.

शोधताना खरी गंमत. जेस्टोर अख्खा मजकूर चाळतो, म्हणून नुसतं ‘पुणे’ टाकलं की तळटिपांतला कचराही येतो. आणि रोमन लिपीतलं आजचं स्पेलिंग दिलं तर जुने ‘पूना’वाले लेख निसटतात. दोन्ही स्पेलिंगं मध्ये ‘ऑर’ घालून कंसात द्या, हा ‘ऑर’ (OR) इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच. स्कोपसमध्ये शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्डपुरता ठेवता येतो. निकाल कमी, पण नेमके.

खर्च? जेस्टोरवर वैयक्तिक खातं काढून महिन्याला १०० लेख ऑनलाइन फुकट वाचता येतात. स्कोपसला संस्थेची वर्गणी लागते. फुकट प्रिव्ह्यूत नियतकालिकांची यादी मात्र तपासता येते. लेख पाठवण्यापूर्वी ती जरूर बघा, स्कोपसमधून वगळलेली नियतकालिकंही ‘आम्ही स्कोपसमध्ये आहोत’ अशा जुन्या जाहिराती मिरवतात.

इतिहास, साहित्य, समाजशास्त्र: जेस्टोर. विज्ञान, अभियांत्रिकी, किंवा विषयातली ताजी चर्चा हवी: स्कोपस. मराठी साहित्यावर प्रबंध असेल तर आधी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, उघडा.