कॅनडाची इमिग्रेशन मेडिकल: तपासणी सुटसुटीत, कलम मात्र तेच

इमिग्रेशनची मेडिकल पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते, तेव्हा तिचं मोजमाप इतर सेवांसारखंच व्हायला हरकत नाही. कॅनडाच्या मेडिकलचे दोन टप्पे आहेत. पॅनेल डॉक्टरकडचा, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडचा टप्पा चांगला आहे. त्यानंतरचा, म्हणजे फाइलवर निर्णय होण्याचा टप्पा, कुटुंबात कुणाला अपंगत्व किंवा दीर्घ आजार असेल तर डोकेदुखी ठरतो.

आधी सोपा भाग. डॉक्टर आयआरसीसीच्या, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या यादीतलाच लागतो. नेहमीचा फॅमिली डॉक्टर चालत नाही. फी तिथेच भरायची आणि अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. पासपोर्ट, चष्मा, चालू औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत. साधारणपणे वयाच्या ५व्या वर्षापासून लघवीची तपासणी, ११पासून छातीचा एक्स-रे आणि १५पासून रक्ततपासणी होते. निकाल ऑनलाइन थेट खात्याकडे जातो आणि १२ महिने ग्राह्य राहतो. २१ ऑगस्ट २०२५पासून एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे नोकरी-कौशल्यावर कायम वास्तव्य देणाऱ्या योजनेतून अर्ज करणाऱ्यांना ही मेडिकल अर्ज भरण्याआधीच उरकावी लागते.

पॅनेल डॉक्टर पास-नापास ठरवत नाही. तो फक्त नोंदी पाठवतो. मत खात्याचा वैद्यकीय अधिकारी देतो आणि अखेरचा निर्णय व्हिसा अधिकारी घेतो. त्यामुळे डॉक्टरपुढे निदान लपवून काहीच साधत नाही. उलट, चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर ५ वर्षांची बंदी येते. सोबत न येणाऱ्या मुलाची मेडिकल टाळण्याचा सल्लाही घातक आहे: अर्जात ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करण्याची वाट बहुधा बंद होते.

आता अवघड भाग. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३८(१)(सी)नुसार, ज्याच्या प्रकृतीमुळे सरकारी आरोग्यसेवा किंवा समाजसेवांवर ‘जादा भार’ पडेल असा अंदाज निघतो, त्याला प्रवेश नाकारता येतो. आणि कायम वास्तव्याच्या अर्जात सोबत येणाऱ्या एकामुळे अख्ख्या कुटुंबाचा अर्ज अडकू शकतो. निर्वासित, तसंच स्पॉन्सर केलेला जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं यांना या अटीतून सूट आहे. नोकरी-कौशल्यावर येणाऱ्यांच्या मुलांना मात्र ती नाही, आणि खरी गोची तिथेच होते.

भार मोजण्याची मर्यादा २०१८ साली तिपटीने वाढली आणि २०२२मध्ये तो बदल नियमात पक्का झाला. २०२५चा आकडा वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर, म्हणजे ५ वर्षांना १,३५,८१०. याच बदलात विशेष शिक्षण, सामाजिक व व्यावसायिक पुनर्वसन आणि रोजच्या कामांतली वैयक्तिक मदत हे खर्च हिशेबातून वगळले गेले. डाउन सिंड्रोम किंवा ऑटिझम असलेल्या मुलांचे अर्ज पूर्वी बरेचदा विशेष शिक्षणाच्या खर्चावरच अडायचे, म्हणून हा बदल नुसता कागदी नाही. डायलिसिस किंवा फार महागडी औषधं असली, तर मर्यादा आजही सहज ओलांडली जाते.

मर्यादा ओलांडल्याचा संशय आला की खातं थेट नकार देत नाही, आधी ‘प्रोसीजरल फेअरनेस लेटर’, म्हणजे बाजू मांडायची संधी देणारं पत्र पाठवतं. उत्तराला साधारण ९० दिवस मिळतात. वेळ कमी पडणार असेल तर मुदत संपण्याआधीच वाढवून मागावी. या पत्रातला खर्चाचा तक्ता ओळ न ओळ तपासायचा. वगळलेली सेवा चुकून धरली आहे का? बंद झालेलं औषध अजून यादीत आहे का? ब्रँडेड औषधाचा भाव लावलाय का? समजा, वर्षाला ३०,००० डॉलर धरलेल्या औषधाचं जेनेरिक १२,०००ला मिळतं आणि तज्ज्ञ डॉक्टर ते चालेल असं लिहून देतो, तर बाकी खर्च किरकोळ असताना हरकतीचा पायाच निघून जातो.

खर्च स्वतः उचलण्याची तयारी दाखवण्यासाठी वेगळं घोषणापत्र असतं. हिलेविट्झ खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये सांगितलं की निदानाच्या लेबलवरून नव्हे, तर त्या व्यक्तीची गरज आणि कुटुंबाची ऐपत व तयारी पाहून निर्णय घ्यावा. पण नुसतं ‘आम्ही खर्च करू’ असं लिहून भागत नाही. सेवा कोण देणार, किती तास, कोणत्या दराने, पैसा कुठून येणार, विमा असेल तर पॉलिसीत हे औषध बसतं का, हे सगळं कागदोपत्री लागतं. आणि ही सोय समाजसेवा व बाहेरून घ्यायच्या औषधांपुरतीच कामाची. हॉस्पिटलमधले सरकारी उपचार ‘मी घेणारच नाही’ असं लिहून दिलेलं मानत नाहीत. डॉक्टरांचं ‘प्रकृती स्थिर आहे’ एवढंच पत्रही निरुपयोगी. पुढच्या ५ वर्षांत कोणते उपचार लागतील आणि कोणते लागणार नाहीत, हे त्यात स्पष्ट हवं.

प्रक्रिया सुधारली, हे मान्य. पण माणसाची किंमत त्याच्या औषधोपचाराच्या बिलावरून करणारं हे कलम मुळातच भेदभावाचं आहे. तो कर किती भरेल, काम काय करेल, याला त्या तक्त्यात रकानाच नाही. संसदीय समितीने २०१७मध्ये कलम रद्द करण्याची शिफारस केली. सरकारने मर्यादा वाढवून वेळ मारून नेली. सरकारच्याच तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे वर्षाला सुमारे १,००० अर्ज यात अडकत होते आणि वाचणारा पैसा प्रांतांच्या आरोग्यखर्चाच्या ०.१ टक्का होता. एवढ्यासाठी हा खटाटोप! ऑस्ट्रेलियाही यात मागे नाही: तिथल्या अपंग भेदभावविरोधी कायद्याच्या कलम ५२ने इमिग्रेशन कायद्याला चक्क सूट दिली आहे.

नकार आलाच, तर फेडरल कोर्टात दाद मागायला प्रकरण कॅनडातलं असेल तर १५ दिवस आणि कॅनडाबाहेरचं असेल तर ६० दिवस मिळतात. दिवस निर्णय कळल्यापासून मोजतात, आणि जो पुरावा अधिकाऱ्यापुढे ठेवलाच नव्हता तो तिथे सहसा विचारात घेत नाहीत. म्हणजे सगळी ताकद त्या ९० दिवसांतच लावायची.