होली हिलवरचं सेंट ऑगस्टिन : गाईड घ्या, पण केतेवानपाशी थांबायला लावा

ओल्ड गोव्यात बहुतेक लोक बॉम जेझुस आणि से कॅथेड्रल उरकून गाडीत बसतात. होली हिलवरच्या पडक्या सेंट ऑगस्टिन चर्चला नक्की जा आणि गाईड घेऊनच जा, नाहीतर ४६ मीटरचा जांभ्याचा मनोरा, त्याच्यासमोर सेल्फी आणि परत खाली, एवढंच होतं. आमचा गाईड चांगला होता, सनावळ्या तोंडपाठ, घाई नाही, पण राणी केतेवानच्या जागेपाशी दोन वाक्यं बोलून पुढे निघाला, थांबवून विचारावं लागलं. अहो, सगळ्यात मोठी गोष्ट तर तीच आहे!

केतेवान म्हणजे जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. इराणच्या शाह अब्बासनं ख्रिस्ती धर्म सोड म्हणून छळ केला, तिनं सोडला नाही, १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यातला काही भाग १६२७ मध्ये इथे आणून त्यांच्याच या मठातल्या चॅपलच्या (छोट्या प्रार्थनाघराच्या) खिडकीत काळ्या दगडाच्या पेटीत ठेवला. पुढे तो हरवला. कसा, तर कोणी चोरला वगैरे नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं मठ बंद करून पाद्र्यांना घालवलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. मनोऱ्यातली घंटा १८७१ मध्ये पणजीच्या मोठ्या चर्चवर गेली, ती सगळ्यांना ठाऊक होती ना. राणीचं हाड फक्त पाद्र्यांना ठाऊक होतं.

खाली बॉम जेझुसमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, त्यांच्या जेझुइट संघाच्या पाद्र्यांनाही १७५९ मध्ये हाकललंच होतं, पण गोव्याची माणसं झेवियरना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, नवस बोलतात, त्यामुळे तिथे कधी विसर पडलाच नाही. केतेवानसाठी मेणबत्ती लावणारं इथे कोण होतं, तिची माणसं तिकडे जॉर्जियात. मला हे फार लागलं.

जुन्या पोर्तुगीज कागदांत कुठल्या चॅपलची कितवी खिडकी ते लिहून ठेवलेलं, त्याच्यावरून शोधत शोधत २००४ मध्ये पुरातत्त्व खात्याला हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं डीएनए काढला, तो यू१बी नावाच्या वंशगटाचा निघाला, जो त्यांच्या भारतीय नमुन्यांत नव्हता आणि जॉर्जियात सापडला. बाजूच्या दुसऱ्या हाडांचा मात्र इथल्याच लोकांशी जुळला, म्हणजे तपासल्याशिवाय कळणं शक्यच नव्हतं. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबिलिसीत जाऊन त्याचा एक भाग जॉर्जियाला दिला.

गाईड ठरवतानाच सांगा की केतेवानची खिडकी नीट दाखवायची, पूर्ण गोष्टीसकट. सावली कमी आहे, सकाळी जा, पाणी ठेवा, पावसाळ्यात जांभा निसरडा होतो तेव्हा चप्पल बघून घाला. जागेला पाचपैकी पाच, गाईडला चार.