श्रीमंत देशाचा वाटा मोजायचा कशाने?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. रावेर-यावलकडे एका वादळात कापणीला आलेल्या केळीबागा आडव्या होतात. त्यामुळे इथल्या महाविद्यालयांत वादविवादाला हा विषय घेतला, की तो कोणालाच परका वाटत नाही: हरितगृह वायू कमी करण्याची पहिली जबाबदारी श्रीमंत देशांची, की सगळ्यांची सारखी? तुम्ही बोलायला उभे राहणार असाल तर बाजूच्या आधी माप ठरवा.

वर्षाचं एकूण उत्सर्जन. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये चीन सुमारे ३० टक्के, अमेरिका १३, भारत ८. म्हणजे आपण तिसरे. चीन आणि भारताला वगळून तापमानवाढ थांबणार नाही, हे या मापातून स्पष्ट दिसतं. पण ब्रिटनचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, नॉर्वेचा त्याहून कितीतरी कमी. प्रत्येक छोट्या श्रीमंत देशाला ‘आमच्याने काय फरक पडतो?’ म्हणायची सोय हे माप करून देतं.

दरडोई. अमेरिकन माणसामागे वर्षाला साधारण १४ टन, चिनी माणसामागे ८, भारतीयामागे २. हे माप जास्त न्याय्य, तरी सरासरीत धडगावचा पाडा आणि मुंबईतला टॉवर एकाच रांगेत बसतात. शिवाय नॉर्वेने विकलेलं तेल जिथे जळतं, त्या देशाच्या खात्यावर पडतं.

आजवरची बेरीज. मला हेच माप सगळ्यात खरं वाटतं, कारण हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके तिथेच राहतो. १७५० पासूनच्या बेरजेत अमेरिकेचा वाटा जवळपास पाव, भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास. ‘आमच्या पणजोबांना काय ठाऊक?’ हा आक्षेप येईलच. तेव्हा सांगा, की जगाच्या या बेरजेतला निम्म्याहून अधिक धूर १९९० नंतरचा आहे. १९९२ साली रिओच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत श्रीमंत देशांनीच ‘जबाबदारी सामायिक, पण वेगवेगळी’ हे तत्त्व मान्य केलं होतं.

मग जबाबदारी पार कशी पाडायची? घरचा धूर कमी करून, की बाहेर पैसे देऊन? घरचा आधी, असं माझं मत. ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद केलं, म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. पैशांचा अनुभव मात्र वाईट आहे. २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचं वचन २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना दिलं. ते पूर्ण झालं २०२२ मध्ये, आणि सरकारी पैशातला मोठा भाग कर्जाचा. बाग झोपलेल्या शेतकऱ्याला भरपाई म्हणून कर्जाचा कागद द्यावा, तसं हे झालं. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचं नवं लक्ष्य ठरलं. विकसनशील देशांची गरज त्याच्या कितीतरी पट आहे.

समोरचा भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे बोट दाखवेल. टाळू नका. तिथे कोळसाच जळतो, आणि भारतालाही २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर, म्हणजे जेवढा धूर सोडू तेवढाच शोषून घेण्यावर, यायचं आहे. त्याला एवढंच विचारा: त्या वीजकेंद्रावर पोट असलेल्या कुटुंबांना दुसरं काम मिळेपर्यंतचा खर्च कोणी उचलायचा?