नवा पोरगा उस्तादाकडे द्यायचा की मोबाइलवर सोडायचा?

आयटीआय करून पोरगा सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, आला की छोट्या वर्कशॉपच्या मालकाला कोडं पडतं. क्लासला धाडायला ना पैसा ना वेळ, मग शिकवायचं कोणी? जुना ऑपरेटर म्हणजे उस्ताद, यूट्यूब आणि शिफ्ट बदलतानाच्या गप्पा, तिन्ही फुकट. मी भोसरीत तिन्ही करून पाहिलंय.

उस्तादाकडे कान असतो. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बोथट झालं हे त्याला मायक्रोमीटर लावायच्या आधी कटिंगच्या आवाजावरून कळतं. गरम जॉब (मशीनवर बनणारा भाग) मोजू नकोस, हेही तोच सांगतो. १०० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा जॉब १० अंशांनी तापलेला असला तर ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा भरतो. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २० मायक्रॉनचा असेल तर अर्ध्याहून जास्त तिथेच गेला. पोरगा तापलेल्या मापावर ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) मारतो आणि जॉब थंड झाला की अंडरसाइज. वहीत हे दोन ओळींत मावतं, पण अंगवळणी पडायला चार जॉब भंगारात जावे लागतात, आणि तेव्हा शेजारी माणूस लागतो.

पण उस्तादाच्या खोडीही सोबत येतात. आमच्या एकाने पहिल्याच आठवड्यात पोराला दरवाज्याचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करायला शिकवलं, सायकल टाइम, म्हणजे एका जॉबचा वेळ, वाचतो म्हणून! काही जण हातचं राखतात. प्रोग्रॅम एडिट करताना अंगाने स्क्रीन झाकणारेही पाहिलेत.

कोड आणि मेनूसाठी व्हिडिओ उत्तम. उस्तादाला दहा वेळा विचारायची पोराची टाप नसते, व्हिडिओ मात्र दहा वेळा मागे नेता येतो. अडचण एवढीच की चुकलं तर व्हिडिओ टोकत नाही. समजा, फानुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक) वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेपोटीची दुरुस्ती, वजा ०.१५ मिलिमीटर आहे, त्यात आणखी वजा ०.०२ घालायचेत. ‘प्लस इनपुट’ दाबलं तर वजा ०.१७ होतं. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसून वजा ०.०२ बसतं आणि व्यास ०.१३ ने वाढतो. मशीन अलार्म देत नाही. आमच्याकडे असे तीस जॉब निघाले, मग कुणीतरी मोजलं.

गप्पांना कमी लेखू नका. झेरॉक्स कंपनीचे मशीन दुरुस्त करणारे तंत्रज्ञ अवघड बिघाड एकमेकांना गोष्टीसारखे सांगून शिकतात, हे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी त्यांच्यात वावरून नोंदवलंय. फक्त दोन शिफ्ट पंधरा मिनिटं एकमेकींवर चढवा, नाहीतर एक गेटातून बाहेर, दुसरी आत, आणि बोलणं शून्य.

मला विचाराल तर पहिले तीन महिने उस्ताद, आणि तोही सगळ्यात वेगवान नको, ज्याचं रिजेक्शन कमी तो. व्हिडिओ दुसऱ्या महिन्यापासून. आणि उस्ताद हातचं राखतोय असं वाटलं तर आधी त्याची पगाराची स्लिप बघा. इन्सेंटिव्ह पीसवर असेल तर पोराला शिकवण्यात त्याचाच पैसा बुडतो. तेवढे महिने त्याचं टार्गेट कमी करा.